मुंबई ते लंडन: ७,२०० किलोमीटरना नेमके किती तास?

मुंबईहून लंडन हवाई मार्गाने साधारण ७,२०० किलोमीटर. मोठं जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला की उत्तर येतं आठ तास. आता कुठल्याही थेट विमानाचं तिकीट उघडा. मुंबई-लंडन दहा तासांच्या आगेमागे दिसेल आणि लंडन-मुंबई नऊच्या. आठ तास कुठेच सापडत नाहीत. शिवाय शहरं तीच असून जाण्यायेण्यात तासाभराचा फरक.

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणारी साधनं इंटरनेटवर ढिगाने मिळतात. तीही हाच भागाकार करतात, फार तर चढण्याउतरण्यासाठी अर्धा तास वर टाकतात. सुट्टीचा ढोबळ बेत आखायला तेवढं पुरतं. पण त्या भागाकारात धरून चाललेलं असतं की विमान जमिनीवरचं अंतर कापतं. प्रत्यक्षात ते हवा कापत जातं, आणि ती हवा स्वतःही कुठेतरी निघालेली असते. त्यातून त्या हवेखालची जमीन कुणाच्या ना कुणाच्या मालकीची. दहा तासांचं बहुतेक कोडं या दोन गोष्टींत सुटतं. उरलेलं थोडंसं घड्याळात आणि थोडंसं विमानतळावरच्या रांगेत.

अंतर कुठलं धरायचं?

मुंबई-दिल्ली घ्या. राजधानी एक्स्प्रेस मुंबई सेंट्रलहून नवी दिल्लीला जाते ती १,३८४ किलोमीटर धावून. विमानतळापासून विमानतळापर्यंतचं हवाई अंतर मात्र १,१४० च्या आसपास. रूळ सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा करत जातात. त्यांना नद्या, डोंगर, गावं बघावी लागतात. हवाई अंतर 'सरळ' असतं, असं आपण म्हणतो. ते कसं सरळ असतं हे बघण्यासारखं आहे.

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने जोडा. रेघ इराणच्या दक्षिण टोकावरून, बगदादजवळून, तुर्कस्तान आणि बाल्कन देश ओलांडून जाईल. आता मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा घट्ट ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. सौराष्ट्र आणि कच्छवरून निघतो, कराचीच्या जवळजवळ डोक्यावरून जातो, इराण तिरका कापतो, कॅस्पियन समुद्राचा कोपरा गाठतो. त्याचा बरोबर मध्य येतो आर्मेनिया-जॉर्जियाच्या सीमेजवळ. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, जर्मनी आणि मग लंडन. पट्टीच्या रेघेने अंतर भरतं ७,४०० किलोमीटर, दोऱ्याने ७,२००.

असं का होतं, ते रेखांशांवरून कळतं. मुंबईपासून लंडनपर्यंत पश्चिमेला सुमारे ७३ अंश सरकायचं आहे. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे १०५ किलोमीटर. लंडनच्या अक्षांशावर तोच एक अंश फक्त ६९ किलोमीटर, कारण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. म्हणजे पश्चिमेला सरकायचं काम जितकं उत्तरेला जाऊन कराल तितकं ते स्वस्तात पडतं. दोरा नेमकं तेच साधतो: आधी उत्तरेचा वाटा जास्त उचलतो आणि पश्चिमेचा बराचसा प्रवास वरच्या, अरुंद पट्ट्यात उरकतो. सपाट नकाशा मात्र उत्तरेकडचा भाग ताणून दाखवतो, म्हणून हा मार्ग त्यावर उगाच वळसा घातल्यासारखा दिसतो. विमानातल्या पडद्यावर ती कमान बघून 'पायलट एवढा फिरवून का नेतोय?' असं वाटतं, त्याचं कारण पडद्यावरचा सपाट नकाशा. या मार्गाला ग्रेट सर्कल म्हणतात. विमानसेवेतले लोक 'दोन शहरांमधलं अंतर' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हेच असतं.

ते लोक किलोमीटरही वापरत नाहीत. त्यांचा मैल सागरी, म्हणजे १.८५२ किलोमीटरचा, आणि तो अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो. त्या मापाने लंडन मुंबईहून साधारण ३,९०० मैल.

मुंबई-लंडनला दोरा आणि पट्टी यांच्यात फरक पडला २०० किलोमीटरचा, फार तर पंधरा मिनिटांचा. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोसारख्या जोडीला हाच दोरा थेट उत्तर ध्रुवाच्या परिसरात जाऊन पोहोचतो. ती जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोऱ्याखालचे देश

आता त्या दोऱ्याखालची नावं पुन्हा वाचा. कराची, इराण, क्रिमिया, युक्रेन. सगळ्यात जवळचा रस्ता आणि सगळ्यात भांडणांचा रस्ता एकच आहे.

१९४४ च्या शिकागो कराराने जगभरात एक गोष्ट पक्की केली: प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचा हक्क. त्यामुळे दुसऱ्याच्या आकाशातून जायचं तर परवानगी लागते, आणि बहुतेक देश वरून जाणाऱ्या विमानांकडून शुल्कही घेतात. परवानगी काढून घेतली की दोरा तुटतो.

या रस्त्याच्या पहिल्या तुकड्याचा इतिहास मजेशीर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी पुस मॉथ जातीच्या छोट्याशा विमानातून टपालाची पोती आणली, ती कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर. भारतीय विमानसेवेची सुरुवात म्हणून आपण तो दिवस सांगतो. लंडनला जाणाऱ्या दोऱ्याचा पहिला हप्ता हाच, उलट दिशेने. आज त्या हप्त्यावरून भारतीय विमान जाऊ शकत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यापर्यंत. त्या काळात एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं. पैसा जातो कशात? जास्तीच्या इंधनात, जास्तीच्या कर्मचाऱ्यांत, मधल्या थांब्यात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पुन्हा तेच झालं. पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी केली, आठवड्याभरात भारतानेही पाकिस्तानी विमानांना केली, आणि मग दोन्हीकडून ती महिन्यामहिन्याने वाढत गेली. ही बंदी विमान कुठल्या देशात नोंदलेलं आणि कुठल्या कंपनीचं, यावर आहे. त्यामुळे मुंबईहून लंडनला निघालेल्या एका भारतीय आणि एका ब्रिटिश कंपनीच्या विमानाचा नकाशा एकाच दिवशी वेगळा असू शकतो, आणि तासही.

इथे मुंबईकरांचं नशीब बरं. कराची टाळून मस्कतच्या अंगाने गेलं तर मुंबई-लंडन होतं साधारण ७,४०० किलोमीटर, म्हणजे जेमतेम तीन टक्के वाढ. आपल्यापुढे अरबी समुद्र मोकळा आहे. दिल्लीकरांना हे सुख नाही. दिल्ली खरं तर लंडनला मुंबईपेक्षा जवळ, ६,७०० च्या थोडी वर. पण तिच्या पश्चिमेला लगेच पाकिस्तान. तिथून आधी गुजरातपर्यंत खाली उतरायचं, समुद्र गाठायचा आणि मग वर वळायचं. मस्कतच्या अंगानेच गेलं तर हजार किलोमीटरहून जास्त वाढतात, म्हणजे तासाभराहून जास्त. एरवी लंडनला लवकर पोहोचणारं दिल्लीचं विमान यात मुंबईच्या मागे पडतं.

दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला युक्रेन. २४ फेब्रुवारी २०२२ पासून तिथलं आकाश नागरी विमानांना पूर्ण बंद आहे. त्याआधी १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली, तेव्हापासूनच कंपन्या त्या भागाला बिचकत होत्या. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण संघर्ष पेटला आणि इराण-इराकचं आकाशही काही काळ बंद झालं. असे दिवस आले की उत्तरेला युक्रेन आणि दक्षिणेला पेटलेलं आखात यांच्यामध्ये जी चिंचोळी वाट उरते, तिच्यात आशिया-युरोपची सगळी वाहतूक कोंबली जाते.

एक विचित्र योगायोग. भारतीय विमानं हल्ली आखात, इराक किंवा सौदी, तुर्कस्तान असं करत जातात, ते भिंतीवरच्या नकाशावर आपण पट्टीने ओढलेल्या 'चुकीच्या' रेघेच्या बरंच जवळ आहे.

वारा

एवढं करूनही अंतर ७,२०० चं ७,४०० किंवा ७,६०० होतं. त्याने अर्धा तास वाढेल. पण जाताना जास्त आणि येताना कमी का? याचं उत्तर पूर्णपणे वाऱ्यात आहे.

लांबच्या प्रवासात पुढच्या सीटच्या पाठीवरचा पडदा लावा आणि सिनेमाऐवजी आकडे दाखवणारं पान उघडा. उंची अकरा-साडेअकरा हजार मीटर. बाहेरचं तापमान उणे ५० ते ६०. आणि एक आकडा असतो जमिनीच्या मानाने वेगाचा. हा शेवटचा आकडा बघत बसण्यासारखा आहे. इंजिनाचा आवाज तसूभर बदलत नाही, तरी लंडनकडे जाताना तो कधी ताशी ८०० च्या खाली येतो आणि मुंबईकडे येताना १,००० च्या वर चढतो.

आजची लांब पल्ल्याची विमानं हवेच्या मानाने आवाजाच्या वेगाच्या साधारण ८५ टक्क्यांनी उडतात. त्या थंडीत आवाज ताशी सुमारे १,०६० किलोमीटरने जातो, त्याचे ८५ टक्के म्हणजे ९००. आपण भागाकारात घेतलेला आकडा हाच. तो बरोबरच आहे, फक्त हवेच्या मानाने. हवा समोरून शंभरने येत असेल तर जमिनीवर तुम्ही ८०० ने सरकता, पाठीमागून शंभरने येत असेल तर १,००० ने.

या उंचीवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि काही पट्ट्यांत ते फारच जोराने वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे वरच्या थरात हवा ध्रुवाकडे ओढली जाते, आणि पृथ्वी फिरत असल्याने ती वाटेत पूर्वेला वळते. तापमानाचा फरक हिवाळ्यात सर्वाधिक, म्हणून वाराही हिवाळ्यात सर्वाधिक. डिसेंबर ते मार्चमध्ये अशी एक धार उत्तर भारतावरून वाहत असते, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने. पावसाळ्यात ती हिमालयापलीकडे सरकते. मुंबई-लंडन मार्गाचा मधला भाग या पश्चिमी वाऱ्यांच्या राज्यातूनच जातो. म्हणून जाणं लांबतं, येणं आखडतं, आणि जानेवारीत हा फरक जुलैपेक्षा ठळक असतो.

आता एक गणित, मला फार आवडणारं. बहुतेकांना वाटतं, जाताना वाऱ्याने जेवढं घेतलं तेवढं येताना परत दिलं, फिटंफाट. करून बघू. ७,२०० किलोमीटर, ताशी ८०० ने: नऊ तास. परत येताना ताशी १,००० ने: सात तास बारा मिनिटं. बेरीज सोळा तास बारा मिनिटं. वारा नसता तर आठ आणि आठ, सोळा. बारा मिनिटं गेली. वारा दुप्पट करा, २०० चा. जाताना ७०० ने दहा तास सतरा मिनिटं, येताना १,१०० ने सहा तास तेहतीस. बेरीज सोळा तास पन्नास मिनिटं. वारा दुप्पट, तोटा चौपटीहून थोडा जास्त. कारण साधं आहे: उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता आणि सोयीच्या वाऱ्यात कमी वेळ राहता, त्यामुळे त्रास देणाऱ्या वाऱ्याला काम करायला जास्त वेळ मिळतो. विमान कंपनीला वर्षभरात वाऱ्याकडून कधीच नफा होत नाही.

प्रत्यक्षात सगळा मार्ग इतक्या सलग वाऱ्यात नसतो, आणि कंपन्याही गप्प बसत नाहीत. प्रत्येक उड्डाणाआधी संगणक त्या दिवसाचा वाऱ्याचा नकाशा घेऊन मार्ग आखतो. जाताना जेट स्ट्रीम चुकवायची, येताना तिच्यावर स्वार व्हायचं. त्यापायी शंभर-दोनशे किलोमीटर जास्त उडावं लागलं तरी ते परवडतं. म्हणूनच एकाच क्रमांकाचं विमान सोमवारी एका देशावरून जातं आणि गुरुवारी दुसऱ्या.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडिया ते विमान आधी अटलांटिकवरून नेत असे, अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३००, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा कमी! सगळ्या रस्त्यात वारा पाठीशी होता. आणि या दोन्ही मार्गांपेक्षा कितीतरी आखूड, साडेबारा हजारांच्याही आतला दोऱ्याचा मार्ग ध्रुवाजवळ रिकामा पडून होता.

वाऱ्याची कमाल बघायची तर फेब्रुवारी २०२० ची. कियारा नावाचं वादळ अटलांटिकवर होतं आणि त्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक जुनं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी तिथे साडेसहा तासांच्या आसपास लागतात. कॉन्कॉर्डचा १९९६ चा विक्रम दोन तास ५३ मिनिटांचा आहे, पण ते विमानच आवाजापेक्षा जलद होतं.

इथे एका समजुतीचा निकाल लावून टाकू, कारण लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग लंडनला जाताना लंडनच आपल्याकडे यायला नको का? मुंबई जमिनीसकट ताशी जवळपास १,५८० किलोमीटरने पूर्वेला चालली आहे हे खरं. पण मुंबईवरची हवाही त्याच वेगाने चालली आहे आणि धावपट्टीवरचं विमानही. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो आपल्याच हातात परत येतो, मागच्या प्रवाशाच्या डोक्यावर पडत नाही, तसंच हे. पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाच्या वेळेशी संबंध आहे, पण तो वाऱ्याला वळण देण्यापुरता. आणि गंमत अशी की त्याचा परिणाम नेमका उलटा होतो: पश्चिमेला जाणाऱ्यालाच उशीर.

तिकिटावरचा वेळ कुठून येतो

तिकिटावर लिहिलेला वेळ हा उडण्याचा वेळ नसतोच. मुंबईत विमानाच्या चाकांखालचे ठोकळे निघून ते मागे ढकललं गेलं, तिथपासून लंडनमध्ये चाकांखाली पुन्हा ठोकळे लागले, तिथपर्यंतचा तो वेळ. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी काम चालत नाही. गर्दीच्या वेळी उडण्यासाठी रांग लागते, इंजिन चालू ठेवून. दिल्लीला जाणारं विमान आकाशात पावणेदोन तासांच्या आसपास असतं, पण वेळापत्रकात सव्वादोन दिसतात ते यामुळे.

लंडनच्या हीथ्रोला दुसऱ्या टोकाची रांग आहे, ती आकाशात. शहराभोवती घिरट्या घालण्याच्या चार ठरलेल्या जागा आहेत: बोव्हिंग्डन, लँबोर्न, ऑकम आणि बिगिन. तिथे विमानं एकमेकांच्या वर हजार-हजार फुटांच्या अंतराने गोल फिरत असतात, खालचं एक उतरायला गेलं की वरची सगळी एकेक पायरी खाली येतात. एका फेरीला चारेक मिनिटं. खिडकीतून थेम्स नदी दोनदा दिसली तर समजायचं, आपण रांगेत आहोत.

कंपन्यांकडे मागच्या कैक उड्डाणांच्या नोंदी असतात. त्या बघून कंपन्या वेळापत्रकात थोडा मोकळा वेळ ठेवतात, म्हणजे रांग लागली, वारा नडला तरी विमान 'वेळेवर' दिसावं. जगभर साधारण पंधरा मिनिटांच्या आतलं पोहोचणं वेळेवरच धरतात. त्यामुळे मुंबईहून चाळीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान लंडनला वेळेत पोहोचतं आणि लोक पायलटचं कौतुक करतात. पायलटने फार काही केलेलं नसतं. वेग आवाजाच्या ८४ टक्क्यांवरून ८६ वर नेला तरी नऊ तासांत बारा-तेरा मिनिटंच वाचतात, आणि त्यासाठी इंधन मात्र भरपूर जळतं. उरलेली मिनिटं आधीच वेळापत्रकात ठेवलेली होती. यात लबाडी आहे असं काही जण म्हणतात. मला ती प्रवाशाच्या सोयीची लबाडी वाटते.

दर दशकात विमानं जास्त वेगवान होतात, असं वाटत असेल तर तसंही नाही. एअर इंडियाची ७०७ जेट विमानं १९६० मध्ये आली, त्यांचा वेग आजच्या विमानांच्या आसपासच होता. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालेलं 'मलबार प्रिन्सेस' पंख्याचं होतं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं, आणि लंडनला उतरलं १० तारखेला. नंतरच्या वर्षांत मोठी बचत झाली ती जेट इंजिनांनी आणि मग थांबे गळाल्याने. वेग तिथेच थांबला, कारण आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचं बिल कुणाला परवडत नाही.

आणि घड्याळ

तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची लंडनची असते, इथे भल्याभल्यांची गफलत होते. समजा, विमान मुंबईहून दुपारी १.३० ला निघतं आणि लंडनला संध्याकाळी ६.१५ ला पोहोचतं. वजाबाकी केली तर पावणेपाच तास. त्यात दोन शहरांमधला फरक मिळवायचा. हिवाळ्यात तो साडेपाच तास, म्हणून प्रवास सव्वादहा तासांचा. पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटन आपली घड्याळं तासभर पुढे करतं, फरक साडेचारवर येतो. मग तिकिटावर हेच दोन आकडे असले तर प्रवास सव्वानऊ तासांचाच. आकडे तेच, तास वेगळे. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे अशा विमानात निघाल्यापासून उतरेपर्यंत खिडकीबाहेर दिवसच असतो.

'मलबार प्रिन्सेस'च्या काळात हा हिशोब आणखी वाकडा होता. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबई आपल्या 'बॉम्बे टाइम'ला १९५५ पर्यंत चिकटून होती. तो ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. लंडन सोडाच, पुण्याहून आलेल्या माणसालाही कुठलं घड्याळ धरायचं हे विचारावं लागत असेल.

कुणाला आणायला विमानतळावर जायचं असेल, तर या सगळ्यातलं कामाचं एवढंच: तिकिटावरची पोहोचण्याची वेळ सोडून द्या आणि विमान उडाल्यावर त्याचा माग दाखवणाऱ्या ॲपमधली अंदाजे उतरण्याची वेळ बघा. ती त्या दिवशीच्या मार्गावरून आणि विमानाच्या प्रत्यक्ष वेगावरून काढलेली असते. लंडनहून येणारं विमान हिवाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं लवकर उतरलं तर नवल नाही. त्यात इमिग्रेशन आणि सामानासाठी तासभर धरा. आणि लंडनहून पुढे दुसरं विमान पकडायचं असेल, दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, तर मधे किमान चार तास ठेवा. पहिल्याला उशीर झाला म्हणून दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि त्या तिकिटाचे पैसेही बहुधा परत देत नाही.